वर्षअखेरच्या याद्या: नुसती लिंक पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की 'यंदा पाहिलेले सर्वोत्तम', 'हे चुकवू नका' अशा याद्या पुरवण्यांत, ग्रुपवर आणि स्टेटसवर दिसू लागतात. व्हिडिओ, पॉडकास्ट, माहितीपट, एखादा दीर्घ लेख, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह असे बरेच काही त्यांत असते. या याद्यांचे मोल मोठे आहे. यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम आपल्यापुढे काय ठेवणार, हे बरेचसे आपण आधी काय पाहिले यावरून ठरते. त्या चाकोरीबाहेरची गोष्ट बहुधा एखाद्या जाणत्या माणसाच्या शिफारशीतूनच पोहोचते. अशी शिफारस वाया जाताना पाहून वाईट वाटते, आणि ती वाया जाण्याची कारणे अगदी साधी असतात: लिंक उघडत नाही, उघडली तर दीड तासाच्या भाषणात नेमके काय ऐकायचे ते कळत नाही, किंवा जे उघडते ती कुणीतरी चोरून टाकलेली नक्कल असते. यादी करणाऱ्यांसाठी आणि ती छापणाऱ्या आपल्यासारख्या दैनिकांसाठीही काही नेमक्या गोष्टी सांगण्याकरिता हे पत्र.

पहिली अडचण आठवणीची. डिसेंबरात बसून यादी केली की ती ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच होते. जानेवारीत पाहिलेली उत्तम गोष्ट मागे पडते. यूट्यूबच्या हिस्ट्रीचे पान खाली ओढत जानेवारीपर्यंत जाणे फार कंटाळवाणे. त्यापेक्षा गूगलच्या 'माय ॲक्टिव्हिटी' पानावर फक्त यूट्यूब निवडून तारखेचा फिल्टर लावावा आणि एकेक महिना चाळावा. मात्र हिस्ट्री आपोआप पुसण्याची मुदत तिथे किती ठेवली आहे, ते आधी बघा. नव्या खात्यांवर ती मुळातच ३६ महिन्यांची असते, पण कधीतरी कुणी ३ महिन्यांचा पर्याय निवडला असेल तर डिसेंबरात वर्षाचा पूर्वार्ध सापडणारच नाही. हिस्ट्री 'पॉज' करून ठेवली असेल तर त्या काळातले काहीच मिळत नाही.

सगळी नोंद एकत्र हवी असेल तर 'गूगल टेकआउट' ही आपल्या खात्यातली माहिती उतरवून देणारी गूगलची सेवा वापरावी. तिथे आधी सगळ्या खुणा काढून टाकाव्यात, मग फक्त यूट्यूब निवडावे आणि त्यातही फक्त हिस्ट्री. हे केले नाही तर आपण स्वतः चढवलेले व्हिडिओही त्यात येतात आणि फाइल अवाढव्य होते. साध्या वाचनासाठी एचटीएमएल स्वरूप पुरते. तक्त्यात घालून चॅनलनुसार लावायचे असेल तर जेसन (JSON) हे स्वरूप निवडावे. फाइल तयार झाल्याची ईमेल आल्यावर ती साधारण ७ दिवसांत उतरवून घ्यावी लागते, नंतर ती लिंक चालत नाही. या नोंदीत काही ठिकाणी शीर्षकाऐवजी नुसताच पत्ता दिसतो. ते व्हिडिओ एव्हाना काढून टाकलेले किंवा खासगी केलेले असतात.

यापेक्षा सोपा आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे वर्षभर एकच टिपण उघडे ठेवणे. काही आवडले की त्याच दिवशी शीर्षक, चॅनल आणि 'का आवडले' याची एक ओळ लिहायची. ही ओळ दोन महिन्यांनी लिहिता येत नाही. तोवर 'छान होते' एवढेच उरते.

काही ॲप स्वतःच वर्षाचा गोषवारा काढून देतात. ते पाहायला मजा येते, पण त्याला शिफारस समजू नये. स्पॉटिफायवर एखादे गाणे ३० सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे धरतात. झोपताना लावलेले पावसाचे आवाज किंवा मुलांसाठी पुन्हा पुन्हा लावलेले गाणे म्हणूनच वर येऊन बसते. शिवाय हा गोषवारा वर्ष संपण्याआधीच येतो, त्यामुळे शेवटचे काही आठवडे मोजणीत नसतात. किती वेळ ऐकले हे त्यातून कळते. दुसऱ्याने काय ऐकावे हे कळत नाही.

आता यादीच्या गाभ्याकडे. सात ते दहा नोंदी पुष्कळ झाल्या. पंचवीस लिंकांच्या यादीतली बहुधा एकही उघडली जात नाही. सगळ्या नोंदींची मिळून लांबी तीन-चार तासांच्या आत बसली तर सुटीच्या दिवसांत माणूस ती खरोखर संपवतो. निवडलेली प्रत्येक गोष्ट यादीत घालण्याआधी पुन्हा एकदा पाहावी. पहिल्यांदा भारावून टाकणारे बरेचसे दुसऱ्यांदा टिकत नाही, आणि जे टिकते तेच द्यावे. वर्षाची यादी म्हणजे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले असले पाहिजे असेही नाही. दहा वर्षांपूर्वीचे व्याख्यान यंदा सापडले असेल तर तेही यंदाचेच. प्रसिद्धीचे वर्ष मात्र लिहावे, विशेषतः आरोग्य, कायदा, तंत्रज्ञान अशा विषयांत, कारण तिथली माहिती शिळी होते.

प्रत्येक नोंदीसोबत तीस-चाळीस शब्द हवेत. 'अप्रतिम! जरूर पाहा' यातून वाचकाला काहीच मिळत नाही. समजा, यांत्रिक घड्याळाच्या दुरुस्तीचा व्हिडिओ सुचवायचा आहे. नोंद अशी असावी: २२ मिनिटे, निवेदन इंग्रजीत, पण बोलणे कमी आणि हाताचे काम जास्त, त्यामुळे भाषा अडत नाही, पहिली ४ मिनिटे प्रायोजकाची, ती सोडली तरी चालते, साडेअकराव्या मिनिटाला बॅलन्स व्हील बसवतानाचे जवळून केलेले चित्रण मुद्दाम पाहा, यंत्रांची आवड असलेल्या बारा वर्षांपुढच्या मुलांनाही आवडेल. एवढे वाचले की हा व्हिडिओ आपल्यासाठी आहे की नाही, ते उघडण्याआधीच कळते. सावधगिरीची सूचना असेल तर तीही इथेच द्यावी: शस्त्रक्रियेची दृश्ये, प्राण्यांची शिकार, लखलखणारे दिवे, शिव्या. घरातल्या मोठ्या पडद्यावर सर्वांसमोर लावल्यानंतर ते कळू नये.

भाषेबद्दल एक गोष्ट अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे. यूट्यूब अनेक व्हिडिओंची शीर्षके पाहणाऱ्याच्या भाषेत आपोआप बदलून दाखवते आणि काहींना यंत्राने तयार केलेला आवाजही जोडते. त्यामुळे आपण ऐकलेला मूळ वक्ता समोरच्याला ऐकू येईलच असे नाही. त्याच्याकडे सपाट यांत्रिक आवाज सुरू होतो आणि तो दोन मिनिटांत बंद करतो. म्हणून यादीत मूळ भाषा आणि मूळ शीर्षक लिहावे, आणि सेटिंगच्या दातेरी चाकाच्या खुणेत 'ऑडिओ ट्रॅक' उघडून 'ओरिजिनल' निवडावे, ही सूचना द्यावी. सबटायटल माणसाने लिहिलेली आहेत की आपोआप तयार झालेली, तेही सांगावे. आपोआप तयार झालेल्या सबटायटलच्या नावापुढे 'ऑटो-जनरेटेड' असे लिहिलेले असते. विशेषनामे आणि आकडे त्यात हमखास चुकतात.

लिंक देतानाच्या चुका सर्वाधिक. संगणकावर 'शेअर' दाबल्यावर खाली 'स्टार्ट ॲट'ची चौकट येते, तिथे खूण केली की व्हिडिओ हव्या त्या क्षणापासून सुरू होतो. हेच हाताने करायचे तर यूट्यूबच्या छोट्या (youtu.be) लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, इंग्रजी छोटा टी, बरोबरचे चिन्ह आणि सेकंदांचा आकडा लिहायचा. १२ मिनिटे ४० सेकंद म्हणजे ७६०. इथे एक खाच आहे. मोबाइलवरून घेतलेल्या लिंकमध्ये आधीच एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे एसआय असे लिहून अक्षरांची शेपटी असते. त्या शेपटीपुढे पुन्हा प्रश्नचिन्ह घातले की वेळेचा भाग वाचलाच जात नाही आणि व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो. एक तर दुसऱ्या ठिकाणी प्रश्नचिन्हाऐवजी 'आणि'चे इंग्रजी चिन्ह, म्हणजे अँपरसँड, वापरावे किंवा शेपटी सरळ कापून टाकावी. कापणेच चांगले. लिंक कुठून शेअर झाली याचा माग ठेवण्यासाठी ती असते, व्हिडिओ दिसायला तिची गरज नसते. इन्स्टाग्रामच्या लिंकलाही अशीच शेपटी असते आणि प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे काढले तरी पोस्ट उघडते.

वेळेवरही डोळे झाकून विसंबू नये. थेट प्रक्षेपणाच्या सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे 'लवकरच सुरू होत आहे' असा फलक असतो. नंतर तो भाग कापला जातो, लिंक तीच राहते आणि आपण दिलेले मिनिट सरकते. पॉडकास्टमध्ये हे रोजचेच, कारण जाहिराती ऐकणाऱ्यानुसार आणि दिवसानुसार बदलून घातल्या जातात. एकाच भागाची लांबी दोन फोनवर वेगवेगळी निघते. उपाय सोपा आहे. मिनिटासोबत त्या ठिकाणी वक्ता काय बोलतो त्याचे पाच-सहा शब्द द्यावेत. यूट्यूबवर वर्णनाच्या खाली 'शो ट्रान्सक्रिप्ट' असेल तर तेच शब्द शोधून नेमकी जागा मिळते.

प्लेलिस्ट करून देणे सोयीचे, पण ती 'प्रायव्हेट' राहिली तर दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. 'अनलिस्टेड' (म्हणजे फक्त लिंक असलेल्यांना दिसणारी) किंवा 'पब्लिक' करावी लागते. 'वॉच लेटर'ची यादी तर कधीच इतरांना दाखवता येत नाही, त्यातले व्हिडिओ नव्या प्लेलिस्टमध्ये घालावे लागतात. यादी पाठवण्याआधी प्रत्येक लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगइन न करता, उघडून बघावी. वयाची अट, सभासदांपुरता मजकूर, खासगी प्लेलिस्ट हे सगळे तिथे लगेच उघडे पडते. आपल्या फोनवर आपण कायम लॉगइन असतो, म्हणून आपल्याला ते एरवी कळत नाही.

मूळ आणि नक्कल यांतला फरक करणे ही शिफारस करणाऱ्याचीच जबाबदारी आहे, असे मी मानतो. गाजलेल्या व्हिडिओच्या अनेक नकला फिरत असतात. चित्र आरशातल्यासारखे उलटे असणे (पाटीवरची अक्षरे पाहावीत), चारही बाजूंनी जाड चौकट, आवाज किंचित चिरका किंवा वेगवान, कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाची खूण: हे सगळे यंत्राला मूळ ओळखता येऊ नये म्हणून केलेले उद्योग. ठळक दृश्याचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये टाकावा, किंवा त्यातले एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे. सर्वांत जुनी तारीख असलेली आणि निर्मात्याच्या स्वतःच्या चॅनलवरची प्रत निवडावी. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दृश्यांचा आता सुळसुळाट आहे. वास्तव वाटेल असे काही यंत्राने घडवले असेल तर तसे जाहीर करण्याची अट यूट्यूबने २०२४ पासून निर्मात्यांवर घातली आहे आणि ती खूण वर्णनात दिसते. पण खूण नाही म्हणून दृश्य खरे, असा अर्थ काढू नये. प्राण्यांच्या अचाट करामती, इतिहासकालीन 'दुर्मीळ रंगीत चित्रण', थोरांच्या तोंडी घातलेली भाषणे यांचा मूळ स्रोत सापडला नाही तर ते यादीत घेऊच नये.

व्हॉट्सॲपवर तर लिंकऐवजी व्हिडिओची फाइलच फिरते. यात तीन नुकसाने होतात. दर वेळी नव्याने चढवताना चित्र दाबले जाते आणि धूसर होते, निर्मात्याचे नाव गळून पडते, आणि त्याने नंतर वर्णनात केलेली दुरुस्ती कुणापर्यंत पोहोचत नाही. तिसरे सर्वांत वाईट. लिंक पाठवली तर ही तिन्ही टळतात. पाठवताना दोन पथ्ये पाळावीत. लिंक स्वतंत्र ओळीवर ठेवावी. तिला चिकटून कंस, पूर्णविराम किंवा 'वर', 'मध्ये' असा प्रत्यय लिहिला तर तोही लिंकचाच भाग धरला जाऊ शकतो आणि पान सापडत नाही. दुसरे, एका संदेशात दहा लिंका कोंबल्या तर चित्रासह झलक पहिल्याच लिंकची दिसते. म्हणून एका संदेशात एक नोंद, आणि झलक तयार होईपर्यंत क्षणभर थांबून मग पाठवणे. स्वतःचे दोन शब्द लिहून पाठवलेला संदेश आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला संदेश यांकडे माणसे वेगळ्या नजरेने पाहतात.

टिकाऊपणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण याचा विचार जवळजवळ कुणी करत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. यूट्यूबने २०२१ च्या जुलैत, २०१७ पूर्वी चढवलेले 'अनलिस्टेड' व्हिडिओ खासगी करून टाकले. निर्मात्याने वेगळे काही कळवले नसेल तर ते सगळे दुवे एका दिवसात मेले. फेसबुकवरची थेट प्रक्षेपणे फेब्रुवारी २०२५ पासून ३० दिवसच ठेवली जातात, म्हणजे नोव्हेंबरातले व्याख्यान डिसेंबरअखेरच्या यादीत घालून उपयोग नाही. आयोजकांनी ते दुसरीकडे चढवले आहे का, हे पाहावे लागते. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांची. ओटीटीवरचे चित्रपट हक्कांची मुदत संपली की निघून जातात, देशानुसार वेगवेगळे असतात.

म्हणून शीर्षक, चॅनलचे किंवा निर्मात्याचे नाव, प्रसिद्धीची तारीख आणि लांबी या चार गोष्टी लिंकच्या शेजारी अक्षरांत लिहिलेल्या हव्यात. लिंक मेली तरी एवढ्यावरून तीच गोष्ट दुसरीकडे शोधता येते. प्लेलिस्टमधला व्हिडिओ काढला गेला की त्याचे शीर्षकही जाते, आणि तिथे काय होते हे प्लेलिस्ट करणाऱ्यालाही आठवत नाही. लेख असेल तर वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' या चौकटीत पत्ता टाकून त्याची प्रत ठेवावी आणि तो दुवाही द्यावा. लॉगइनमागची पाने तिथे साठत नाहीत, आणि यूट्यूबच्या पानाची प्रत झाली तरी व्हिडिओ साठेलच याची खात्री नसते. लघुदुव्यांच्या सेवा टाळाव्यात. गूगलने स्वतःच्या लघुदुव्यांची सेवा २०१९ मध्ये नव्या दुव्यांसाठी थांबवली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वापरात नसलेले जुने दुवेही बंद केले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर फुकट सेवांवर काय विसंबायचे.

आता आपल्या दैनिकाकडे विनंती. वर्षअखेरच्या पुरवणीत अशा याद्यांशेजारी क्यूआर कोड छापले जातात, आणि त्यातले काही वाचलेच जात नाहीत. कारण गणिती आहे. कोडमध्ये जितकी अक्षरे जास्त, तितके चौकोन बारीक. यूट्यूबची छोटी लिंक २८ अक्षरांची असते. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (म्हणजे कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा या सोयीच्या मधल्या पातळीवर) तिचा कोड २९ × २९ चौकोनांत बसतो. तीच लिंक शेपटीसकट घेतली तर ३३ × ३३ लागतात. देवनागरी शीर्षकाच्या पानाचा पत्ता तर फारच फुगतो, कारण प्रत्येक अक्षरचिन्हाचे ३ बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ खुणा. असा २५० खुणांचा पत्ता ६१ × ६१ चौकोनांत जातो. दोन सेंटिमीटरच्या जागेत त्यातला एकेक चौकोन मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो आणि वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरली की शेजारचे चौकोन एकमेकांत मिसळतात. विकिपीडियाच्या पानांसाठी त्यांचीच लघुदुव्याची सोय आहे, ती वापरावी. ती त्यांनीच चालवलेली असल्याने तिथे वरचा आक्षेप लागू होत नाही.

कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडणे आवश्यक असते. मांडणी करताना तीच पहिल्यांदा कापली जाते. कोड काळ्या शाईत आणि कोऱ्या कागदावर असावा. छायाचित्रावर, रंगीत पट्टीवर किंवा घडीच्या रेषेवर नको. 'डायनॅमिक' म्हणून मिळणारे कोड मध्यस्थ सेवेच्या पत्त्यावर नेतात; तिची वर्गणी थांबली की छापलेला कोड निकामी. त्याऐवजी आपल्याच संकेतस्थळावर त्या यादीचे एक छोट्या पत्त्याचे पान करावे आणि संपूर्ण यादीसाठी त्या पानाचा एकच कोड छापावा. एखादी लिंक बदलली तर ते पान दुरुस्त करता येते, कागद करता येत नाही. छपाईच्या नमुना प्रतीवर, साध्या जुन्या फोनने आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात कोड वाचून पाहिल्याशिवाय पान सोडू नये.

व्हिडिओचा पत्ता अक्षरांत छापण्याचा मोह मात्र टाळावा. यूट्यूबच्या ओळखचिन्हात ११ खुणा असतात आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक त्यात धरला जातो. शून्य आणि ओ, छोटा एल आणि मोठा आय यांत वाचक गोंधळतो. त्यात आडवी रेघ येऊ शकते आणि स्तंभाच्या कडेला ओळ तुटली की ती शब्द तोडण्याची रेघ समजून गाळली जाते. मूळ शीर्षक आणि चॅनलचे नाव ठळक छापले तर शोधून काढणे अधिक खात्रीचे.

वाचकांकडून याद्या मागवायच्या असतील तर नमुना ठरवून द्यावा: शीर्षक, निर्माता किंवा चॅनल, प्रसिद्धीचे वर्ष, लांबी, भाषा, कुठून सुरू करावे, आणि चाळीस शब्दांत कारण. एका वाचकाच्या तीनच नोंदी घ्याव्यात. मुदत १० डिसेंबरच्या आसपास ठेवली तर प्रत्येक लिंक तपासायला दोन आठवडे मिळतात, आणि पुरवणीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा एकदा तपासता येते. 'अनलिस्टेड' ठेवलेले व्हिडिओ निर्मात्याला विचारल्याशिवाय छापू नयेत. ते मोजक्या लोकांसाठी असतात. लहान मुलांचे चेहरे असलेले घरगुती व्हिडिओ कितीही गोड असले तरी गाळावेत. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, बंद पडलेल्या किंवा चुकीच्या निघालेल्या नोंदींची एक छोटी चौकट दुरुस्ती म्हणून जरूर द्यावी.

आपला,
एक वाचक